चाकांवरचे घर आणि अम्मीचा पाण्याचा ग्लास

माझा धाकटा भाऊ गेली अकरा वर्षे न्यूझीलंडमध्ये, ऑकलंड शहरात राहतो. अब्बांच्या इंतकालनंतर त्याचा एकच हट्ट होता. अम्मीने एकदा तरी त्याच्या घरी यावे, नातवंडांबरोबर चार दिवस राहावे. अम्मीचे वय ७१. मधुमेह आहे, दोन्ही गुडघे दुखतात. "एवढा लांबचा प्रवास या वयात कशाला?" असे ती दोन वर्षे म्हणत राहिली. शेवटी मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तिला घेऊन गेलो. मुलीची नीटची परीक्षा असल्यामुळे माझी पत्नी रत्नागिरीलाच थांबली.

न्यूझीलंडमध्ये देश पाहण्याची एक खास पद्धत आहे, ती म्हणजे मोटारहोम. आपल्याकडच्या टेम्पो ट्रॅव्हलरएवढी किंवा त्याहून मोठी गाडी, आणि तिच्यातच झोपायची जागा, शेगडी, फ्रीज, बेसिन, शौचालय, सारे काही. दिवसा गाडी चालवायची, संध्याकाळी एखाद्या तळ्याकाठी किंवा ‘हॉलिडे पार्क’ म्हणतात त्या मुक्कामाच्या जागी उभी करायची आणि तिथेच झोपायचे. हॉटेल शोधणे नाही, हलाल जेवणाची चिंता नाही, कारण स्वयंपाकघर सोबतच असते. भाऊ म्हणाला, "भाई, अम्मीसाठी याच्यासारखी सोय नाही. तिला कुठे चढ-उतार नको, की सामान उचलायला नको." मलाही ते पटले. आम्ही सहाजण होतो. अम्मी, मी, भाऊ, भावजय, १३ वर्षांची पुतणी आणि ६ वर्षांचा पुतण्या. म्हणून सहा बर्थची गाडी घ्यायची, इतका सोपा हिशेब आम्ही केला.

हा हिशेब चुकला. तो कसा चुकला आणि नंतर आम्ही काय केले, हे सविस्तर लिहितो आहे. परदेशातील नातेवाइकांकडे जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना त्याचा उपयोग होईल. जे परदेशी जाणार नाहीत, त्यांच्याही घरात एखादी अम्मी असतेच.

दोन रात्रींची चाचणी

दक्षिण बेटाच्या मोठ्या सफरीआधी आम्ही शनिवार-रविवार धरून दोन रात्रींसाठी सहा बर्थची गाडी भाड्याने घेतली आणि रोटोरुआला गेलो. ऑकलंडपासून हे गाव सुमारे २३० किलोमीटर. जमिनीतून वाफा निघतात, गरम चिखल उकळत असतो आणि हवेत गंधकाचा वास भरलेला असतो. मुले खूश होती.

गाडीची आतली मांडणी अशी होती. ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला कपाटासारखा भाग, त्यात दोघांचा बिछाना. वर चढायला छोटी शिडी. मध्ये समोरासमोर बाके आणि टेबल. रात्री टेबल खाली घेऊन त्यावर गाद्या पसरल्या की दोघांचा पलंग. मागे इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची बैठक, रात्री तिचाही पलंग. मधल्या भागात एका बाजूला शेगडी आणि दुसऱ्या बाजूला शौचालय. कागदावर सहा माणसे अगदी नीट बसत होती.

रात्री भाऊ वर झोपला. मी आणि पुतण्या मधल्या पलंगावर. मागच्या पलंगावर अम्मी, पुतणी आणि भावजय. अम्मी पडू नये म्हणून आम्ही तिला अगदी आत, मागच्या भिंतीला लागून झोपवले. आपण तिची काळजी घेतली असे आम्हाला वाटत होते.

दुसऱ्या दिवशी अम्मी गप्प होती. दुपारी जेवली नाही. तिसऱ्या दिवशी परतताना तिला थंडी भरून आली. पुतणी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बडे अब्बा, दादी पाणी पीतच नाहीत. अस्रनंतर एक घोटसुद्धा नाही. मी ग्लास दिला तर परत ठेवून देतात."

मी अम्मीला विचारले. आधी तिने टाळले. मग म्हणाली, "रात्री उठायचं म्हणजे पोरीच्या अंगावरून जायचं, सुनेला उठवायचं. पडदा सारला की तू झोपलेला. दार तुझ्या पायाला लागतं. पाणी सोडलं की ती मोटार घर्र करते, सगळे जागे होतात. त्यापेक्षा पाणीच नको."

ऑकलंडला पोहोचल्यावर डॉक्टरांकडे नेले. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला होता. औषधे मिळाली, आणि भरपूर पाणी पिण्याची ताकीदही मिळाली. अल्लाहच्या कृपेने चार-पाच दिवसांत ती बरी झाली. मात्र मला त्या रात्री झोप लागली नाही. लहानपणापासून पाहत आलो होतो, एसटीने मुंबईला निघायचे असले की अम्मी आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी करायची. लग्नाला जातानाही तेच. मी त्याला अम्मीची सवय समजत होतो. ती सवय नव्हती. वाटेत तिच्यासाठी जागा नसायची, म्हणून तिने स्वतःला तसे वळण लावले होते. आणि आता तिच्यासाठी म्हणून घेतलेल्या घरातही आम्ही तीच वेळ आणली होती.

भावजयीचीही अडचण नंतर कळली. मी तिचा थोरला दीर, म्हणजे नामहरम. मध्ये फक्त एक पातळ पडदा. दोन्ही रात्री ती डोक्यावर ओढणी बांधूनच झोपली आणि धड झोपलीच नाही. तिनेही तक्रार केली नव्हती.

खडूने आखलेली गाडी

भाऊ म्हणाला, "सफर रद्द करू." अम्मी म्हणाली, "माझ्यामुळे पोरांचं नको मोडायला." मी म्हणालो, थांबा, आधी गाडी नीट समजून घेऊ.

मी शिक्षक आहे. वर्गात जे समजत नाही ते फळ्यावर काढले की समजते. भावाच्या घरापुढे गाडी उभी करायची सिमेंटची जागा आहे. तिथे मी खडूने मोटारहोमचा आराखडा प्रत्यक्ष मापात काढला. लांबी सव्वासात मीटर, रुंदी सव्वादोन मीटर. भाड्याने देणाऱ्यांकडे प्रत्येक गाडीचा नकाशा मापांसह मिळतो. एकेका गाडीचा नकाशा आखायचा, त्यात सगळ्यांनी आपापल्या जागी आडवे व्हायचे आणि मग मी सांगायचो, "आता रात्रीचे दोन वाजले. दादींना उठायचे आहे." कोण कोणाला ओलांडतो ते लगेच दिसायचे. पुतण्याला हा खेळच झाला. अम्मी आधी हसली, मग स्वतःच सांगू लागली, "इथे मला धरायला काहीतरी हवं. इथे दार उघडलं तर भिंतीला लागेल."

अर्ध्या दिवसात आम्ही चार प्रकार आखून पाहिले. ते थोडक्यात सांगतो.

पहिला प्रकार आम्ही वापरला तोच, म्हणजे डोक्यावरचा बिछाना आणि दिवसाच्या बैठकीचे रात्री पलंग. माणसे जास्त मावतात, मुलांना वर झोपायला मजा येते. पण रोज रात्री पलंग मांडायचे आणि रोज सकाळी मोडायचे. जो लवकर झोपतो त्याच्यामुळे बाकीच्यांची बैठक जाते आणि जो उशिरा उठतो त्याच्यामुळे नाश्ता अडतो. वरच्या बिछान्यात उठून बसताही येत नाही. लहान मूल तिथे ठेवायचे तर पडू नये म्हणून जाळी हवीच.

दुसरा प्रकार कायमच्या दुहेरी पलंगाचा. पलंग एका कोपऱ्यात भिंतीला लागून असेल, तर आतल्या माणसाला बाहेरच्याला ओलांडावे लागते. पलंग मधोमध असून दोन्ही बाजूंनी वाट असेल, तर हा त्रास नाही, पण गाडीची बरीच जागा त्यातच जाते. नवरा-बायको दोघेच असतील तर हा उत्तम.

तिसरा प्रकार मागे दोन स्वतंत्र एकेरी पलंग, मध्ये चालायची वाट आणि पुढे लागूनच शौचालय. कोणी कोणाला ओलांडायचे नाही. पाय खाली सोडले की जमीन. मात्र इथे एक फसवणूक असते. काही गाड्यांत पलंगाखाली सायकली ठेवण्याइतके मोठे सामानघर असते, त्यामुळे पलंग उंच होतो आणि दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात. नकाशात ही उंची दिसत नाही, ती विचारून घ्यावी लागते.

चौथा प्रकार छतातून खाली येणाऱ्या पलंगाचा. दिवसा पलंग छताला चिकटलेला, खाली बैठक. रात्री बटण दाबले की खाली येतो. अंथरूण रोज घालावे लागत नाही. पण तो खाली असताना काही गाड्यांचे मुख्य दार अर्धे अडते.

अम्मीने तिसऱ्या आराखड्यात डाव्या पलंगावर बसून पाय खाली सोडले, उठली, दोन पावले चालली, खडूने काढलेल्या शौचालयापर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, "हे चालेल." निर्णय तिथेच झाला.

सहाजण बसतील, चौघे झोपतील

आता अडचण अशी होती की या मांडणीत चौघेच झोपू शकत होते. मागे दोघे, पुढे छतातून येणाऱ्या पलंगावर दोघे. पट्ट्याच्या सीटही चारच. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. बर्थ किती ते सगळे विचारतात, पण चालत्या गाडीत पट्टा बांधून बसायच्या सीट किती, हे वेगळे विचारावे लागते. शिवाय तिथल्या कायद्यानुसार सात वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाला त्याच्या मापाची खास सीट लागते, आणि ती प्रत्येक बाकावर बसवता येत नाही.

मार्ग भावजयीने सुचवला. ती म्हणाली, "एक लहान कारही घेऊ. हॉलिडे पार्कमध्ये खोल्या असतात, रात्री आम्ही दोघे तिथे झोपू." सगळे कसे बसले ते पाहा. दिवसा मोटारहोम भाऊ चालवणार, शेजारी मी, मागे अम्मी आणि पुतण्या. कारमध्ये भावजय आणि पुतणी. रात्री पुतणी मागच्या भागात दादीजवळ, मध्ये सरकते दार, पुढे मी आणि पुतण्या. भाऊ-भावजय आपल्या खोलीत. जेवण, गप्पा, चहा मात्र सगळ्यांचे मोटारहोमच्या बैठकीत. पुढच्या दोन्ही खुर्च्या मागे वळत होत्या, त्यामुळे सहाजण आरामात बसत होते.

सहा बर्थची मोठी गाडी घेण्यापेक्षा खर्च थोडा वाढला, पण मे महिना म्हणजे तिकडचा हिवाळ्याचा उंबरठा, गर्दी नसते, दर उतरलेले असतात. त्यात तो भागून गेला.

पाणी, तहारत आणि नमाज

आपल्या घरांसाठी मोटारहोम निवडताना काही गोष्टी अशा आहेत, ज्या तिथली माहितीपत्रके सांगत नाहीत. त्या आम्हाला अनुभवाने कळल्या.

गाडीच्या शौचालयाखाली एक पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. साधारण १८ ते २० लिटरची. भरली की लाल दिवा लागतो, मग ती बाहेरून ओढून काढायची आणि ठरवून दिलेल्या जागी रिकामी करायची. ही पेटी कागद वापरणाऱ्यांचा हिशेब धरून बनवलेली असते. आपण तहारतीसाठी पाणी वापरतो, त्यामुळे ती फार लवकर भरते. पहिल्या सफरीत ती दीड दिवसात भरली होती. दुसऱ्या सफरीत आम्ही छोटा लोटा ठेवला, रोज सकाळी पेटी रिकामी करायचे काम मी माझ्याकडे घेतले, आणि हॉलिडे पार्कमध्ये असताना धडधाकट माणसांनी तिथली शौचालये वापरायची, गाडीतले फक्त अम्मीसाठी, असा नियम केला.

दुसरी गोष्ट, शौचालय आणि शॉवर एकत्र की वेगळे. एकत्र असेल तर एकाने वुजू केला की जमीन ओली होते. पुढचा मोजे घालून गेला की मोजे ओले, आणि मग पाक-नापाकीची शंका. शॉवरची जागा वेगळी असेल तर तिथे नळी धरून पाय धुता येतात. गाडीतील स्वच्छ पाण्याची टाकी शंभर लिटरच्या आसपास असते आणि सहाजणांना ती सहज संपते. आपल्या पैगंबरांचा (स.) वुजू एका मुद्द पाण्यात होत असे, असे हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटरच्या आतले माप. वर्गात मी हे कितीदा सांगितले असेल. प्रत्यक्ष माप घेऊन वुजू मी पहिल्यांदा त्या गाडीत केला, आणि तो सहज होतो. अम्मी चामडी मोज्यांवर मसह करायची. मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्रींची मुभा आहे, आणि त्या थंडीत ही मुभा किती मोठी रहमत आहे ते कळते.

तिसरी गोष्ट किबल्याची. आमच्या रत्नागिरीत किबला पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडे आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर तो पश्चिमेच्या थोडा दक्षिणेकडे येतो. तिकडे मे महिन्यात सूर्य वायव्येकडे मावळतो. म्हणजे मावळत्या सूर्याकडे तोंड केले, तर जवळपास ४० अंशांची चूक होते. दुपारचा सूर्यही उत्तरेच्या बाजूला असतो, त्यामुळे आपल्या सवयीचे सगळे अंदाज उलटतात. होकायंत्र जवळ ठेवावेच.

गाडीतली वाट जेमतेम ५५ ते ६० सेंटिमीटर रुंद आणि लांबच लांब. त्यामुळे जानमाज एकाच दिशेने पसरता येते, गाडीच्या लांबीला धरून. गाडीचे नाक किंवा शेपूट किबल्याकडे असेल तरच आत नमाज सरळ होते. हॉलिडे पार्कमध्ये जागा आखलेली असते, गाडी हवी तशी वळवता येत नाही. म्हणून मांडणी पाहताना आडवी जानमाज पसरेल इतकी मोकळी चौरस जागा आत आहे का, हे पाहावे. आमच्या गाडीत पुढच्या खुर्च्या वळवल्या की तशी एक जागा व्हायची. तिथे अम्मी खुर्चीवर बसून नमाज पढायची आणि आम्ही आळीपाळीने. कोकणातले आम्ही शाफई, त्यामुळे प्रवासात कसरबरोबर जमाचीही सोय होती.

फ्रीजचेही तसेच. तिथून मोठ्या प्रमाणावर हलाल मांस निर्यात होते, पण छोट्या गावांत प्रत्येक दुकानात हलालची खात्री मिळत नाही. आम्ही क्राइस्टचर्चमध्येच मटण-चिकन घेऊन बर्फाच्या कप्प्यात ठेवले. बर्फाचा कप्पा स्वतंत्र असलेला फ्रीज निवडावा. मासे तळायचे असतील तर दार-खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो. आमचा दोनदा वाजला.

क्राइस्टचर्चहून टेकापो

विमानाने क्राइस्टचर्चला उतरलो. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी जुमासाठी हॅगली पार्कसमोरच्या अल-नूर मशिदीत गेलो. १५ मार्च २०१९ रोजी, अशाच शुक्रवारी, या मशिदीत आणि लिनवूडच्या इस्लामिक सेंटरमध्ये झालेल्या हल्ल्यात ५१ जण शहीद झाले. आत नेहमीसारखी नमाज होती. मुले मागच्या सफेत कुजबुजत होती, वडीलधारे त्यांना खुणेने गप्प करत होते. बाहेर आल्यावर अम्मी एवढेच म्हणाली, "ती माणसंही अशीच घरातून आली असतील, वुजू करून." मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

शनिवारी सकाळी निघालो. कँटरबरीचे मैदान सपाट, रस्ता सरळ, वारा मात्र आडवा. उंच गाडीला आडव्या वाऱ्याचा धक्का चांगलाच बसतो. डोक्यावर कपाट नसलेली बुटकी गाडी घेतल्याचे त्या दिवशी समाधान वाटले. साडेतीन टनांहून जड गाडीला तिथे ताशी ९० किलोमीटरची मर्यादा असते, आणि घाई करण्यात अर्थही नसतो. जेराल्डीन, फेअर्ली, बर्क्स पास ओलांडला आणि रंगच बदलला. हिरवे संपून सोनेरी गवत लागले. आणखी पुढे टेकापोचे तळे दिसले. हिमनद्यांनी घासलेल्या खडकाची बारीक पूड पाण्यात तरंगत असल्यामुळे त्याचा रंग दुधात निळी टाकल्यासारखा दिसतो.

तिथे सूर्य आठच्या सुमारास उगवायचा आणि सव्वापाचला मावळायचा. म्हणजे चौदा-पंधरा तास अंधार आणि बाहेर गोठवणारी थंडी. मांडणी का महत्त्वाची, याचे खरे उत्तर इथे मिळाले. उन्हाळ्यात लोक दिवसभर बाहेर असतात, गाडीत फक्त झोपतात. हिवाळ्यात मात्र गाडीतच राहावे लागते. बैठक मोकळी हवी, गरम हवेची सोय मागच्या पलंगापर्यंत पोहोचणारी हवी, आणि एकाने दिवा मालवला तरी दुसऱ्याला वाचत बसता यायला हवे. सरकत्या दाराचा आम्हाला फार उपयोग झाला. मागे आजी-नात आपल्या गप्पा मारत, पुढे आम्ही भाऊ-भाऊ अब्बांच्या आठवणी काढत बसलो. अब्बा गेल्यापासून आम्ही दोघे असे बसलोच नव्हतो.

टेकापोच्या परिसराला २०१२ साली आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय रिझर्व्ह’चा दर्जा मिळाला. रात्रीचे आकाश काळे राहावे म्हणून तिथे दिव्यांवर बंधने आहेत. त्या रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. मागचे दार सरकल्याचा आवाज, दोन पावले, शौचालयाचे दार. मग पाण्याची मोटार घर्र करून थांबली. मी डोळे मिटून पडून राहिलो. थोड्या वेळाने मोटार पुन्हा घर्र झाली. या वेळी बेसिनकडून. अम्मीने ग्लास भरला आणि तिथेच बसून सावकाश पाणी प्यायली. मग खिडकीचा पडदा बाजूला करून तिने पुतणीला हाक मारली, "उठ गं, आभाळ बघ. आपल्या गावी वीज आली नव्हती तेव्हा असं दिसायचं."

पुढे पुकाकी तळ्याच्या काठाने आओराकी अर्थात माउंट कुकपर्यंत गेलो. ३,७२४ मीटर उंचीचे, देशातले सर्वांत उंच शिखर. अम्मी गाडीच्या खुर्चीतूनच ते पाहत बसली, हातात चहा. मग वायटाकी खोऱ्यातून ओमारू, तिथून डुनेडिन. तिथल्या अल-हुदा मशिदीत जमातीची नमाज मिळाली. जगाच्या अगदी दक्षिण टोकाकडच्या मशिदींपैकी ती एक. डुनेडिनहून ३६० किलोमीटरचा परतीचा रस्ता धरला. आठ दिवसांत अम्मी एकदाही आजारी पडली नाही, अल्हम्दुलिल्लाह.

निवडण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

कोणाला मोटारहोम घ्यायची असेल तर नकाशा समोर ठेवून एवढे विचारा. घरातले सर्वांत अशक्त माणूस कुठे झोपणार? त्याला रात्री उठल्यावर कोणाला ओलांडावे लागणार? पलंग आणि दाराची पायरी किती उंच, धरायला दांडा आहे का? नामहरम नात्यांमध्ये पडदा आहे की दार? पट्ट्याच्या सीट किती, मुलाची सीट बसते का? पाणी किती, कॅसेट किती, रोज कोण रिकामी करणार? जानमाज कुठे पसरणार? सफर उन्हाळ्यात आहे की हिवाळ्यात? बर्थ किती, हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

आपल्याकडेही २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हान पर्यटनाचे धोरण आणले आहे, केरळनेही त्याच वर्षी तशी योजना जाहीर केली. उद्या आपल्या किनाऱ्यावरही अशा गाड्या वाढतील. तोपर्यंत आपण सतरा सीटर ठरवतो, लग्नाला जातो, जियारतीला जातो. तेव्हाही गाडी ठरवताना सीट मोजतो, दर ठरवतो, एसी आहे का विचारतो. वाटेत अम्मी, खाला, फुफी यांना उतरायला स्वच्छ जागा कुठे आहे, हे किती जण विचारतात?

अम्मी आता रत्नागिरीत आहे. परवा चिपळूणला एका लग्नाला निघालो. गाडीत बसण्यापूर्वी मी तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि सांगितले, "संगमेश्वरला थांबायचं आहे, मी जागा बघून ठेवली आहे." तिने माझ्याकडे पाहिले आणि ग्लास पूर्ण रिकामा केला.

अल्लाह आपल्या सर्वांच्या आईवडिलांना आरोग्य देवो, आणि त्यांनी न सांगितलेली अडचण ओळखण्याची तौफीक आपल्याला देवो. आमीन.